मीच म्हणाले, कौल लावूया

कौल लावूया, असं मीच म्हणाले. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्याच्या डोक्यावर खापर फोडून मी केव्हाच मोकळी झाले असते. पण बापाने म्हटलं नव्हतं, गुरवाने म्हटलं नव्हतं, त्या पोरीच्या तर मनातही नव्हतं. मी म्हणाले. भूगर्भशास्त्र शिकवणारी, वर्गात उठसूट "पुरावा कुठाय?" म्हणून पोरांना भंडावून सोडणारी बाई. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

डिचोलीच्या बाजूच्या एका कॉलेजात मी शिकवते. तिथे अकरा वर्षांपूर्वी मी मुलींचं एक मंडळ काढलं. खाण, जंगल, पाणी, मासळी, माती, असल्या कामांत ज्यांना शिरायचंय त्यांच्यासाठी. आमच्या भागातलं खनिज आमच्या दारावरून ट्रकांनी गेलं, तांबडी धूळ आमच्या भातावर बसली, आणि त्या डोंगरांचं पुढे काय करायचं हे ठरवायला जे लोक बसायचे त्यांत आमची एक पोरगी मी कधी पाहिली नाही. पोरगे थोडे तरी असायचे. पोरी बी.एस्सी. व्हायच्या, खडकांची नावं घडाघडा सांगायच्या, आणि मग औषधांच्या दुकानात नाहीतर मोपाच्या विमानतळावर गणवेश घालून उभ्या राहायच्या. ते काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मग तीन वर्षं खडक कशाला फोडले गं बायांनो?

दर बुधवारी प्रॅक्टिकल संपलं की नमुन्यांच्या खोलीत आम्ही बसायचो. चहा आणि कॅन्टीनमधले उंडे पाव. मुलाखतीत विचारतात तसले प्रश्न मी विचारायचे, एक जण उत्तर द्यायची आणि बाकीच्या तिची टर उडवायच्या. मंडळाकडे बुटांचे काही जोड होते, जाड तळव्याचे, पुढे लोखंडी टोपी असलेले, जुन्या विद्यार्थ्यांनी दिलेले. जिला डोंगरावर किंवा खाणीत शिकायला जायचंय तिने आपल्या मापाचे न्यायचे आणि धुऊन परत आणायचे. एवढा एकच नियम आम्ही केला होता. पहिल्यांदा ते बूट घातलेली पोर खाली आपल्या पायांकडे बघून हसते. त्या हसण्यावर मी अकरा वर्षं काढली असं म्हटलं तरी चालेल.

फळ काय मिळालं म्हणाल तर भोपळा. वनखात्याच्या चालण्याच्या परीक्षेत एक पोरगी सगळ्यांच्या पुढे निघाली होती. पुढच्या महिन्यात तिचं लग्न ठरलं आणि नवऱ्याकडचे म्हणाले, रानात कशाला. एकीच्या घरी तर मी चार वेळा गेले. चौथ्या वेळी तिच्या आईने दारातच सांगितलं की ती आंघोळीला गेलीय, आणि आत खिडकीच्या पडद्यामागे पोर उभी असलेली मला दिसत होती. प्राचार्य भेटले की म्हणायचे, मॅडम, तुमचं हे चहाचं मंडळ झालंय, पुढच्या वर्षी ती खोली कॉम्प्युटरला द्या. मला भयंकर राग यायचा. खोटं बोलले असते तर एवढा आला नसता.

आणि मग ती आली. चोपड्याच्या पुढच्या एका वाड्यावरची. बाप थोडं भात, थोडी मिरची करायचा आणि शापोरा नदीत मासे मारायचा. दोन बसेस बदलून पोर कॉलेजला यायची आणि कधी उशिरा आलेली मला आठवत नाही. चिखल बघितला की ती चिमूटभर जिभेवर ठेवायची. पोरी तिला चिखलखाऊ म्हणायच्या. ती म्हणायची, बाबा तसंच करतो, जाळ्याचा खुंटा कुठल्या चिखलात टिकेल नि कुठल्यात वाहून जाईल ते त्याला जिभेवर कळतं. मी तिला एकदा चिऱ्याचे चार तुकडे चार ठिकाणचे म्हणून दिले. तिने फोडून बघितले, वास घेतला आणि म्हणाली, टीचर, यातले दोन एकाच खाणीतले आहेत, तुम्ही मला फसवताय. खरोखरच फसवत होते. त्या दिवसापासून माझा जीव तिच्यात अडकला, हे कबूल करायला हवं. बाकीच्या पोरींवर मी ओरडायचे. हिच्यावर जास्त ओरडायचे.

परराज्यातल्या एका जमिनीखालच्या खाणीत शिकाऊ भूगर्भतज्ज्ञ म्हणून तिची निवड झाली. आपल्याकडच्या खाणी उघड्यावरच्या, डोंगर वरून खरवडायचा. ही तशी नव्हे. लिफ्टसारख्या पाळण्यात उभं राहून जमिनीच्या पोटात उतरायचं, दिव्याच्या उजेडात खडक बघायचा आणि सांगायचं, इथे खणा, इथे नको. पूर्वी बायकांना खाली उतरायला कायद्याने बंदी होती. ती बंदी उठली, आणि त्या खाणीने पहिल्यांदाच मुली घेतल्या, त्यांत ही. पत्र आलं शुक्रवारी. सोमवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. बारा वाजून गेले की यादीतली पुढची मुलगी.

पत्र घेऊन ती नमुन्यांच्या खोलीत आली तेव्हा बुधवार नव्हता, तरी मी कपाट उघडून तिला तिच्या मापाचे बूट काढून दिले. ने, म्हटलं, हे धुऊन आणायचे नाहीत, तिकडेच फाडायचे. ती हसली नाही. म्हणाली, टीचर, बाबा नको म्हणतोय. तुम्ही आलात तर बघा.

रविवारी सकाळी मी गेले. बापाने मला बसायला कदेल दिलं नि आपण पायरीवर बसला. पोरीची आई चहा देऊन दाराला टेकून उभी राहिली. मी सगळं सांगितलं. राहायला खोली, बायकांसाठी वेगळी सोय, खाली एकटीला सोडत नाहीत, डोक्यावर टोपी, कमरेला हवेची डबी. तो ऐकत होता. मध्येच विचारायचा तेही नेमकं विचारायचा: वरची दरड कशावर थांबते? पाणी शिरलं तर वर यायला किती वाटा आहेत? असले प्रश्न माझे तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी विचारत नाहीत. शेवटी त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला,

"टीचर, माका तुमी एकच सांगा. हिका काय जावचा नाय मां? तुमी घेतात जबाबदारी?"

हिला काही होणार नाही ना, बस्स, एवढंच. हो म्हणायचं होतं.

पण हो कशाच्या जोरावर म्हणू? मी अशा खाणीत जन्मात उतरलेली नाही. विशी ओलांडल्यावर मलाही खाणीवर नोकरी लागली होती, पण प्रयोगशाळेत. खनिजाच्या पुड्या कपाटात लावून, वजन करून, पाच वाजता घरी. वर डोंगरावर जायचं पत्र एकदा आलं होतं. घरी सासऱ्यांनी विचारलं, तुझं काही झालं तर जबाबदारी कोणाची? कोणी उत्तर दिलं नाही, मीसुद्धा नाही, आणि मी शिकवायला लागले. पोरींना मात्र मी सांगत आले की मला ती जागा मिळालीच नव्हती. हे इथे पहिल्यांदा लिहितेय. तर त्या पायरीवरच्या माणसाने मला तोच प्रश्न विचारला आणि माझ्या डोळ्यांपुढे काळोखात कोसळणारी दरड आली. तिच्याखाली ही पोर. आणि हा बाप कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा.

पण ती पोर माझ्याकडे बघत होती. अकरा वर्षांनी एक तरी. मला ती हवीच होती, आणि जबाबदारी नको होती. दोन्ही एकदम कसं जमावं? मला जमलं. मी म्हणाले,

"भाऊ, आपण देवीला कौल लावूया. ती सांगेल ते करू."

काय हुशारी! कौल म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गुरव देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओले फुलांचे कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नको. मी मनाशी हिशेब केला की शिक्षणाच्या कामाला देवी कशाला नको म्हणेल? गुरवाची भाची माझी विद्यार्थिनी होती. तो दोन शब्द जास्त लावून धरील. एकदा उजवा पडला की बाप माघारी फिरायचा नाही, आणि उद्या काही बरंवाईट झालंच तर कोणी माझ्याकडे बोट दाखवायचं नाही. बाप माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, हा खूश झाला. मग तो म्हणाला, बरां, तुमी म्हणतात तशें.

सोमवारी साडेनऊला आम्ही सातेरीच्या देवळात. पोर आंघोळ करून, नवा ड्रेस घालून आली होती. गुरवाने पिटकोळीचे तांबडे कळे पाण्यात बुडवून देवीला लावले आणि हात जोडून सुरुवात केली. सातेरी म्हणजे वारूळ, म्हणजे मातीच. तो म्हणत होता, बाय माये, तुझ्या लेकराचं लेकरू तुझ्याच पोटात कामाक जाता, तुझो हुकूम आसा काय नाय तो सांग. मी देवभोळी नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. बापाने डोळे मिटले. पोरीने मिटले नाहीत. ती कळ्यांकडे बघत होती, वर्गात भिंगाखाली खडकाचा काप बघते तशी.

कळा पडेना. पाव तास गेला, अर्धा गेला. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. उजवा हलत नाही, डावा हलत नाही. बाहेर कोणीतरी नारळ घेऊन थांबलं होतं, ते कंटाळून गेलं. साडेदहा वाजले, मग पावणेअकरा. गुरव म्हणाला, देवी आज बोलत नाही, कधी कधी नाही बोलत, आयतवारी परत या.

बाप उठला. उठताना तो पोरीला म्हणाला, "नाय म्हणाक नाय तिना." आणि चपला घालायला बाहेर निघाला.

तेवढ्यावर आम्ही सगळे बाहेर पडलो असतो तर! पण माझ्या डोक्यात घड्याळ. बारा वाजायला सव्वा तास, आणि ह्यांचा आयतवार सहा दिवसांनी. मला वाटलं, हा बाप आता रविवारचं निमित्त धरून सगळं गुंडाळणार. मी गुरवाला म्हणाले, परत लावा. तो म्हणाला, बाय, तसं करत नाहीत, एकदा लावलेला कौल काढून त्याच दिवशी दुसरा लावत नाहीत. मी म्हणाले, मग दुसरा प्रश्न म्हणून लावा, हिने आजच कळवायचंय, देवीला घड्याळ कळत नाही का? देवळात उभी राहून असं बोलले मी. आवाजही चढला असणार, कारण बाप दारात थांबला आणि वळला. गुरवाला माझा मान ठेवायचा होता, भाचीला शिकवलेली बाई. तो नाखुशीने पुढे झाला, जुने कळे काढले, नवे पाण्यातून काढून लावले. घाईत लावले. पाणी निथळत होतं, मला दिसत होतं.

गाऱ्हाणं अर्धंही झालं नव्हतं. डावा कळा सुटला आणि खाली पडला.

ओला कळा आपल्या वजनाने सुटतो, पाणी जास्त झालं की चिकटत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही फळ्यावर काढून दाखवू शकते. पण दाखवू कोणत्या तोंडाने? उजवा पडला असता तर मी पाण्याचं नाव काढलं असतं का? शेवटी मी बोललेच, भाऊ, पाणी फार होतं हो. बाप नुसता मान हलवत राहिला. गुरव माझ्याकडे बघेना.

पोर पुढे झाली. पडलेला कळा तिने उचलला, रुमालात बांधला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "टीचर, मेल मी करू की तुम्ही करता?"

तिनेच केला. देवळाच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसून मोबाइलवर लिहिला आणि पाठवण्याआधी माझ्यापुढे धरला. मी वाचला. एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं ते सांगितलं, तिने सुधारलं. देवा रे! त्या वेळी मला दुसरं काही सुचलं नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी तो नकाराचा मेल गेला. बाराला अजून चाळीस मिनिटं होती.

नंतर मी काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही, तरी सांगते. दोन दिवसांनी खाणीच्या कचेरीत फोन केला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, मॅडम, जागा भरली. पुन्हा चोपड्याला गेले, बापापुढे एका ताटलीत पाणी घेऊन कळे चिकटवून दाखवायला बसले, वेड्यासारखी. तीनदा लावले, तीनदा पडले, दोन उजवे आणि एक डावा. तो शांतपणे म्हणाला, कौल मोडत नाहीत, टीचर. पोर विहिरीवर होती. ती आली नाही, आणि मी हाक मारली नाही. घरी परतताना बसमध्ये मी रडले, आणि शेजारच्या म्हातारीने मला आपल्या टोपलीतलं केळं दिलं. दैव देतं नि कर्म नेतं म्हणतात. देवी बिचारी तर गप्प बसली होती. तिला बोलायला मी लावलं.

पोर आता धारगळला हायवेवर एका दुकानात असते. फरशा आणि बाथरूमचं सामान विकतात तिथे. एकदा मी बाहेरून बघितलं. ती एका गिऱ्हाइकाला ग्रॅनाइटच्या दोन फरशा दाखवत होती, आणि बोलता बोलता तिने एकीवर नख घासून बघितलं. मी आत गेले नाही. माझ्याने जाववलं नाही.

बुधवार चालू आहेत. दोन मुली येतात, कधी एक. गणपती होऊन गेल्यावर एका बुधवारी चहा व्हायचा होता तेव्हा दारात तो उभा. पोरीचा बाप. हातात कापडी पिशवी. दोन बस बदलून आला होता. मी गडबडून उठले, बसा म्हटलं. तो आत आला पण बसला नाही. पिशवीतून त्याने बूट काढून मेजावर ठेवले. न वापरलेले, तरी धुतलेले, वर तेलाचा हात फिरवलेला.

"परत हाडूक जाय म्हणालेलां ना चेडू," तो म्हणाला. "नियम आसा म्हणान."

मी म्हटलं, बूट परत आणायला एवढ्या लांब कशाला आलात, पोरीच्या हाती दिले असते तर चाललं असतं. तो म्हणाला, ती येत नाही. मग खोलीभर ठेवलेल्या दगडांकडे त्याने एकदा बघितलं, एक दगड उचलून परत ठेवला. आणि सांगायला लागला. रागाने नाही. रागाने बोलला असता तर मी परत बोलले असते, तेवढं मला येतं. तो म्हणाला, पत्र आलं त्याच शुक्रवारी तो म्हापशाच्या बाजारातून तिच्यासाठी बॅग घेऊन आला होता, चाकांची, मोठी. पोरीला दाखवली नव्हती, होडीवर ताडपत्रीखाली ठेवली होती. पाठवायचं त्याच्या मनाने घेतलंच होतं. नको म्हणत होता तो भीतीने. तिकडे आपलं कोणी नाही, आपल्याला त्यातलं कळत नाही. कळणाऱ्या एका माणसाने मी आहे म्हणावं, एवढ्यासाठी तो अडून बसला होता. आणि देवी गप्प राहिली तेव्हासुद्धा त्याने मनात म्हटलं, नाही तर म्हणाली नाही, आता घरी जाऊन बॅग काढू.

"मी देवीक खंय इचारलंय, टीचर?" तो म्हणाला. "मी तुमका इचारलंय."

त्या दोन मुली कप हातात घेऊन बघत होत्या. मग मी ते म्हणाले, जे चोपड्याच्या त्या घरात म्हणायचं होतं. "भाऊ, मी घेते जबाबदारी."

त्याने पिशवीची घडी घातली, खिशात ठेवली.

"आता कसली?" तो म्हणाला, आणि साडेचारची बस धरायची म्हणून निघून गेला.